विवाह, व्हिसा आणि वास्तव्याचा हक्क

नागपूर शहराच्या उत्तरेकडील जरीपटका परिसरात फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वस्ती केली. पुढील काळातही तेथून हिंदू कुटुंबे येत राहिली. नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे सोयरिकींचे संबंधही टिकून राहिले. दुसरीकडे शिक्षण, नोकरी व पर्यटन यांच्या निमित्ताने झालेल्या परिचयांतून अन्य देशांतील व्यक्तींशी होणारे विवाह आज विदर्भातील लहान गावांनाही अपरिचित राहिलेले नाहीत. असा विवाह झाला की ग्रामपंचायत, शाळा व तहसील कार्यालय यांच्याकडे दाखल्यांसाठी येणे-जाणे सुरू होते आणि तेथेच एका सार्वत्रिक गैरसमजाशी गाठ पडते. भारतीय नागरिकाशी विवाह झाला म्हणजे येथे राहण्याचा हक्क आपोआप प्राप्त झाला, हा तो गैरसमज होय.

वस्तुस्थिती निराळी आहे. विवाहाने पती-पत्नीचे नाते निर्माण होते. व्हिसावरील तारीख त्यामुळे पुढे सरकत नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ यातील व्याख्येनुसार वैध पारपत्रावर आलेली, परंतु परवानगीची मुदत संपल्यानंतरही देशात राहिलेली परकीय व्यक्ती ‘अवैध स्थलांतरित’ ठरते. चोरवाटेने सीमा ओलांडणारा आणि लग्नाच्या गडबडीत मुदत विसरणारा, हे दोघेही या व्याख्येत शेजारी शेजारी बसतात. हे कठोर वाटेल, पण व्याख्या तशी आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या आप्रवास व विदेशी व्यक्तीविषयक अधिनियमाने १९४६ चा विदेशी व्यक्ती अधिनियम आणि त्याबरोबरचे जुने कायदे रद्द केले असून, मुदतीपलीकडे राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ३ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

शिक्षेपेक्षाही दूरगामी परिणाम अपत्यावर होतो, आणि त्याची जाणीव फारच थोड्यांना असते. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेल्या बालकास जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी आई-वडील दोघेही भारतीय असावे लागतात. अथवा एक भारतीय असून दुसरा त्या जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे वडील पिढ्यान्‌पिढ्या नागपूर जिल्ह्यातील रहिवासी असले, तरी प्रसूतीच्या दिवशी आईच्या व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर बालकाच्या जन्मसिद्ध नागरिकत्वालाच बाध येतो. जन्माचा दाखला मिळतो, शाळेत नाव दाखल होते. परंतु तो दाखला जन्माच्या नोंदीचा असतो, नागरिकत्वाचा नव्हे. पुढे पारपत्राच्या वेळी अडचण उभी राहते, तोपर्यंत मूल दहावीच्या वर्गात गेलेले असते.

हे टाळण्याचा मार्ग कायद्याने ठेवलेला आहे. पर्यटक व्हिसाचे सामान्यतः दुसऱ्या प्रकारात रूपांतर होत नाही. मात्र व्हिसाची मुदत चालू असताना भारतीय नागरिकाशी विवाह झाल्यास ‘प्रवेश’ अर्थात ‘एक्स’ प्रकारच्या व्हिसात त्याचे रूपांतर मागता येते. हा अर्ज विदेशी व्यक्ती नोंदणी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. नागपूर शहरात हे काम पोलीस आयुक्तालयाकडे, तर ग्रामीण भागात जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असते. २०१८ पासून अर्ज संगणकीय प्रणालीद्वारे सादर होतात. विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र, जोडीदाराच्या भारतीय नागरिकत्वाचा पुरावा व राहत्या पत्त्याचे कागद जोडावे लागतात, आणि पती-पत्नी प्रत्यक्षात एकत्र राहतात किंवा कसे याची चौकशी होते. रूपांतर हा हक्क नव्हे. ती शासनाची अनुमती आहे आणि ती मागण्याची वेळ मुदत संपण्यापूर्वीची आहे.

येथे दिवसांचा हिशेब निर्णायक ठरतो. वर-वधू भिन्न धर्मांचे असतील तर विशेष विवाह अधिनियम, १९५४ हा राजमार्ग आहे. दोघांपैकी किमान एकाचे त्या जिल्ह्यात लगतपूर्व ३० दिवस वास्तव्य असावे लागते. नागपूरकर वराचे किंवा वधूचे वास्तव्य त्यासाठी पुरते. नंतर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावयाची, ती प्रसिद्ध होऊन हरकतींसाठी ३० दिवस जावयाचे आणि नोटिशीपासून ३ महिन्यांच्या आत विवाह लागला नाही तर पुन्हा नवी नोटीस. पाहुण्या व्यक्तीला ९० दिवस राहण्याची परवानगी आहे असे समजू. पहिल्याच आठवड्यात नोटीस दिली, तर साधारण चाळिसाव्या दिवशी विवाह होऊन प्रमाणपत्र हाती येते आणि रूपांतराच्या अर्जासाठी सुमारे ५० दिवस उरतात. तीच नोटीस नातेवाइकांच्या भेटीगाठी व खरेदी आटोपून साठाव्या दिवशी दिली, तर विवाह आणि मुदतीची समाप्ती एकाच दिवशी येऊन ठेपतात. केवळ ३० दिवसांचा व्हिसा असेल, तर या मार्गाने मुदतीत विवाह होणे जवळजवळ अशक्यच. अशा वेळी परत जाऊन योग्य व्हिसावर पुन्हा येणे हेच शहाणपणाचे. स्वदेशाच्या वकिलातीकडून अविवाहित असल्याचा दाखलाही सहसा मागितला जातो. तो येण्यापूर्वीच मिळवून ठेवल्यास मोलाचे दिवस वाचतात.

हा विलंब टाळण्यासाठी मंदिरात विधी उरकून घेण्याकडे काहींचा कल असतो. त्यात मोठा धोका आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ अन्वये विवाह होण्यासाठी दोन्ही पक्ष हिंदू असावे लागतात. बौद्ध, जैन व शीख यांचा समावेश या संज्ञेत होतो, ख्रिस्ती वा मुस्लिम व्यक्तीचा होत नाही. हिंदू व ख्रिस्ती यांच्यात या अधिनियमाखाली झालेला विवाह निरर्थक होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आहे. ग्रामसेवक हे महाराष्ट्र विवाह मंडळाचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ अन्वये विवाह निबंधक म्हणून काम पाहतात. त्यांनी केलेली नोंद झालेल्या विवाहाची नोंद असते; मुळात अवैध असलेला विवाह त्या नोंदीने वैध होत नाही. परकीय व्यक्तीचे पारपत्र समोर आल्यावर तिचा धर्म, पूर्वीचा विवाह व व्हिसाची मुदत पाहून घेतली, तर पुढे त्या कुटुंबावर येणारे संकट पंचायतीच्या टेबलावरच टळू शकेल.

पाकिस्तानातून आलेल्यांची व्यवस्था वेगळी आहे. त्यांच्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा असतो. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील अल्पसंख्याक समाजांतील व्यक्ती तसेच भारतीय नागरिकाशी विवाह करून येथे राहणाऱ्या पाकिस्तानी व बांगलादेशी स्त्रिया यास पात्र आहेत. विवाहाच्या आधारावरील ही सवलत स्त्रीपुरती आहे. भारतीय मुलीशी लग्न करणारा पाकिस्तानी पुरुष केवळ त्या विवाहाच्या बळावर तीत बसत नाही. २०१६ मध्ये या अल्पसंख्याक समाजांतील दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकांना बँक खाते उघडणे, वाहन परवाना व पॅन कार्ड मिळविणे, राहण्यापुरते घर घेणे अशा सवलती देण्यात आल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या समाजांतील अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार देशातील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आले, त्यांत नागपूर होते. २२ एप्रिल २०२५ रोजीच्या पहलगाम येथील हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळण्यात आले. भेटीचा व्हिसा आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा यांतील अंतर किती मोठे आहे, हे त्या आठवड्यात अनेक घरांना कळून चुकले.

वास्तव्याची अनुमती मिळाल्यानंतरही नागरिकत्वाचा पल्ला लांबच असतो. अधिनियमाच्या कलम ५ खाली भारतीय नागरिकाच्या जोडीदारास नोंदणीने नागरिकत्व मागता येते. त्यासाठी ७ वर्षांचे वास्तव्य लागते. त्यांपैकी अर्जापूर्वीचे १२ महिने सलग आणि त्याआधीच्या ८ वर्षांत मिळून ६ वर्षे, असा हा हिशेब आहे. अवैध स्थलांतरितास हे दार बंद आहे. १९५५ च्या मूळ कायद्यात ही सोय केवळ भारतीय पुरुषांच्या परकीय पत्नींना होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती पतींनाही मिळाली, हा बदल उशिराने का होईना, न्याय्यच म्हटला पाहिजे. विवाहाची नोंदणी होऊन तो सलग २ वर्षे टिकल्यास ‘ओव्हरसीज सिटिझन’ म्हणून नोंदणीचा अर्जही करता येतो, मात्र पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना नाही. नावात सिटिझन असले तरी हे नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदार यादीत नाव येत नाही, शेतजमीन खरेदी करता येत नाही आणि न्यायालयाने विवाह विच्छेदित केल्यास विवाहाच्या आधारे मिळालेली ही नोंदणी रद्द होऊ शकते.

विवाहाशी संबंध नसलेले, पण नागपूरकरांना जवळचे असे एक उदाहरण येथे आठवते. जपानमध्ये जन्मलेले भदन्त सुरई ससाई १९६० च्या दशकात भारतात आले, नागपूर ही त्यांची कर्मभूमी झाली आणि भारतीय नागरिकत्व त्यांना मिळाले ते १९८८ साली. जनमानसातील स्थान आणि कागदावरील स्थान यांत दोन दशकांचे अंतर पडू शकते.

शिक्षकांसाठी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. विदेशी विद्यार्थ्यास प्रवेश दिल्यास त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याची जबाबदारी २०२५ च्या अधिनियमाने शिक्षणसंस्थेवर टाकली आहे. मातेसोबत परदेशातून आलेले पूर्वविवाहातील मूल शाळेत दाखल होते, तेव्हा ही तरतूद लागू होते. प्रवेश नाकारण्याचे ते कारण होऊ नये. त्याच वेळी पालकांना मुलाच्या व्हिसाची मुदत विचारावी, कारण आईच्या व्हिसाचे रूपांतर झाले म्हणजे मुलाचेही झाले असे नसते. त्याचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो.