विश्लेषण : ऑनलाइन तासात चित्र अडकते, आवाज मात्र पुढे कसा जातो?

नाशिकला १९८९मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा दूरशिक्षणाची मदार प्रामुख्याने छापील पुस्तके आणि अभ्यास केंद्रांवर होती. आज भाईंदर पश्चिमेच्या तारोडीत बसलेला विद्यार्थी नाशिकच्या शिक्षकांना त्याच क्षणी शंका विचारू शकतो. हे तंत्र नेमके कसे चालते आणि कुठे अडते?

थेट तास कसा चालतो?

ब्राउझरमधील थेट संवादामागे ‘वेबआरटीसी’ हे तंत्रज्ञान असते. गुगलने ते २०११मध्ये खुले केले. जानेवारी २०२१मध्ये ते वेबचे अधिकृत मानक ठरले. त्यामुळे वेगळे ॲप न घेता लिंक उघडली, की कॅमेरा आणि माइक सुरू करता येतो. वर्ग मोठा असेल, तर शिक्षकांचे चित्र आधी सर्व्हरकडे जाते आणि तिथून सर्वांना वाटले जाते.

चित्र का अडकते?

आवाज आणि चित्र छोट्या पॅकेटमधून येतात. हरवलेल्या पॅकेटची वाट पाहत बसले, तर संवादच मागे पडेल. म्हणून फार उशिरा येणारी पॅकेट सोडून दिली जातात. आवाजाला डेटा कमी लागतो, त्यामुळे तो टिकतो.

डेटा किती लागतो?

सेकंदाला ४० किलोबिट धरले, तर तासभराच्या आवाजाला १८ एमबी पुरतात. ५०० किलोबिटच्या चित्राला मात्र २२५ एमबी लागतात. घरात एकच फोन आणि दोन मुले असतील, तर हा फरक मोठा ठरतो. अशा वेळी कॅमेरा बंद ठेवणे शहाणपणाचे.

एकाच फाइलवर सगळे कसे लिहितात?

गुगल डॉक्समध्ये दर वेळी पूर्ण फाइल पाठवली जात नाही, फक्त बदल पाठवले जातात. दोघांनी एकाच वेळी लिहिले, तरी सर्व्हर त्या बदलांचा क्रम लावतो. म्हणून एकाचे लिखाण दुसऱ्यामुळे पुसले जात नाही.

मग सगळे थेटच शिकवावे का?

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली होती. अशा कोडमागचा धडा सवडीने, पुन्हा पुन्हा पाहता येतो. थेट तासात रेंज गेलेला विद्यार्थी मात्र गुपचूप बाहेर पडतो आणि शिकवणे पुढे जाते. म्हणून धडा ध्वनिमुद्रित किंवा छापील द्यावा, थेट वेळ शंकांसाठी राखावा. आणि तासाच्या शेवटी कोण गळाले, हे शिक्षकांनी जरूर पाहावे.