मालिका आणि ब्रँड यांची जवळीक कशी मोजावी?

टीआरपीवरून कार्यक्रम किती लोकांनी पाहिला याचा अंदाज मिळतो. त्या प्रेक्षकांना कोणता ब्रँड जवळचा आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. समाजमाध्यमांवरील पोस्टमधून असे संबंध शोधणारी अमेरिकेतील ब्लूफिन लॅब्ज ही कंपनी ट्विटरने २०१३ मध्ये विकत घेतली.

या मोजणीमागची कल्पना एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. समजा, १० लाख खात्यांपैकी ५०,००० खाती एका मालिकेविषयी लिहितात. ‘अ’ साबणाचा उल्लेख एकूण १,००,००० खात्यांनी केला. त्यांपैकी १०,००० खाती मालिकेविषयीही लिहितात. ‘ब’ चहासाठी हेच आकडे ५,००० आणि २,००० आहेत. मालिकेच्या गटाला अधिक जवळचा कोण? केवळ १०,००० हा आकडा पाहून ‘अ’ म्हणू नका.

जवळीक = मालिकेच्या गटातील प्रमाण ÷ सर्व खात्यांतील प्रमाण

अ : २०% ÷ १०% = २
ब : ४% ÷ ०.५% = ८

गुणोत्तर १ आले, तर विशेष संबंध नाही. ‘अ’ सगळीकडेच गाजलेला आहे. ‘ब’ची चर्चा मात्र या गटात आठपट आहे.

पण चर्चा म्हणजे पसंती नव्हे. चहावरची टीकाही यात मोजली गेली असेल, म्हणून पोस्टचा सूर तपासा आणि बनावट खाती वगळा. उल्लेख फारच थोडे असतील, तर दोन-चार पोस्टनेही गुणोत्तर बदलते. शिवाय मालिका रोज पाहणारा, पण काहीच न लिहिणारा प्रेक्षक या आकड्यांत कुठेच नाही. जाहिरातीवर पैसा लावण्यापूर्वी सर्वेक्षण करून त्यालाही विचारा.