भाता: शब्द आणि वस्तू
धनुष्यावरील भात्यात लहान शिकारीचा बाण

मराठीत ‘भाता’ या एकाच शब्दाने दोन वस्तूंचा बोध होतो. एक लोहाराच्या भट्टीला वारा घालणारा, आणि दुसरा धनुर्धाऱ्याचे बाण ठेवण्याचा. हे दोन शब्द योगायोगाने एकरूप झालेले नाहीत. संस्कृत ‘भस्त्रा’ म्हणजे कातड्याची पिशवी. तिच्यापासून प्राकृतात ‘भत्था’ व मराठीत ‘भाता’ अशी परंपरा आहे. ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’ या मालिकेत प्राकृतातील महाप्राण मराठीने जसा टाकला, तसाच तो येथेही टाकला. हिंदीने मात्र ‘हाथ’ व ‘भाथा’ या दोहोंतही तो सांभाळला आहे. आत वारा भरलेला असो की बाण, नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होती ती कातड्याची पिशवीच.

संस्कृतातील इतर नावे वस्तूकडे निराळ्या बाजूंनी पाहतात. ‘इषुधि’ म्हणजे जेथे इषु ठेवावयाचे ते. येथे प्रयोजन सांगितले आहे. ‘निषंग’ या शब्दाच्या मुळाशी चिकटणे, जडलेले असणे या अर्थाचा धातू आहे. येथे वस्तू कशी धारण केली जाते ते सांगितले आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील 75 वे सूक्त हे युद्धसाहित्याचे सूक्त होय. त्यात इषुधीला अनेक अपत्यांचा पिता म्हटले असून तो पाठीवर बांधलेला असल्याचा स्पष्ट निर्देश आहे. त्याच सूक्तात बाणाच्या मुखाचा उल्लेख शिंगाचे व धातूचे असा दोन प्रकारे येतो. म्हणजे भात्याच्या विचारात दोन प्रश्न आरंभापासूनच आहेत: तो शरीरावर कोठे असावा, आणि त्यातील बाण एकसारखे नसतील तर हवा तो बाण हाती कसा यावा. योद्ध्याला दुसऱ्या प्रश्नाची फारशी फिकीर नसते. अर्जुनाचे भाते तर अक्षय होते. शिकाऱ्याजवळ बाण मोजके असतात, आणि त्यातही ते भिन्न कामांचे असतात.

शिकाऱ्याची ही अडचण उत्तर अमेरिकेत विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा इशी 1911 साली ओरोव्हिल गावाजवळ लोकांपुढे आला. त्याची धनुर्विद्या सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाने त्याच्याजवळ राहून शिकून घेतली व लिहून ठेवली. त्याची भाषा 1915 च्या उन्हाळ्यात एडवर्ड सपीर यांनी नोंदविली. पुढच्याच वर्षी, मार्च 1916 मध्ये, इशी निवर्तला. एकाच माणसाकडून शब्द आणि वस्तू या दोहोंची नोंद थोड्या अवधीत व्हावी, असे भाग्य अभ्यासकांना क्वचितच लाभते. इशीचा भाता पाणमांजराच्या कातड्याचा होता, म्हणजे ‘भस्त्रा’ या शब्दाच्या मूळ अर्थाला अगदी धरून. परंतु नेम धरण्याच्या वेळी जादा बाण तो उजव्या काखेत दाबून ठेवीत असे. तेथे ते झुडपांना अडकत नसत, त्यांची सळसळ होत नसे, आणि हात फार न हलविता पुढचा बाण मिळत असे. पाठीवरील भात्यातून बाण काढताना हात खांद्यावरून मागे न्यावा लागतो, आणि हरणासारख्या प्राण्याला तेवढी हालचाल पुरते.

काखेतील बाणांची ही सोय धनुष्यावरच करून द्यावी, हा धनुष्याला जडविलेल्या भात्यामागील विचार होय. त्याच्या प्रसाराचे श्रेय मुख्यतः अमेरिकन धनुर्धर व कारागीर फ्रेड बेअर (1902–1988) याला दिले जाते. या भात्यात पिशवी उरलेलीच नाही. वरच्या बाजूस एक टोपण, त्यात फोमची गादी. खाली रबराची खाच असलेली पट्टी. आणि या दोहोंच्या आधाराने धनुष्याच्या कडेला समांतर राहिलेले चार ते सहा बाण, एवढीच त्याची रचना. टोपणाचे काम केवळ बाण धरण्याचे नाही. मोठ्या शिकारीच्या बाणाची पाती वस्तऱ्यासारखी धारदार असतात. ती उघडी राहिली तर पडझडीत प्रथम शिकारीच जखमी व्हावयाचा. या भात्याचे दोषही आहेत. प्रत्येक बाण साधारण 25 ते 30 ग्रॅमचा, त्यामुळे धनुष्य एका बाजूस जड होते, आणि बाण संपत जातात तसा तोल बदलत जातो. म्हणून काही शिकारी मचाणावर बसताच भाता सोडवून फांदीला अडकवितात.

या चार-सहा जागांपैकी एक जागा लहान शिकारीच्या बाणाला द्यावी, अशी अनेकांची पद्धत आहे. शरद ऋतूत हरणाचा हंगाम आणि खार, ससा, ग्राउज पक्षी यांचा हंगाम बऱ्याच ठिकाणी एकाच वेळी चालतो. दोन्ही बाण मारतात ते निरनिराळ्या रीतीने. पात्याचा बाण छेद करून रक्तस्रावाने मारतो. बोथट बाण आघाताने मारतो. ‘जुडो’ नावाच्या टोकाला तारेचे चार लवचिक हात असतात. ते गवतात अडकतात, म्हणून चुकलेला बाण पालापाचोळ्याखाली सरकून हरवत नाही. उलट झाडावरील खारीवर पात्याचा बाण सोडला तर तो बहुधा फांदीत रुतून तेथेच राहतो. दोन्ही टोके समान वजनाची, बहुधा 100 किंवा 125 ग्रेनची (सुमारे साडेसहा किंवा आठ ग्रॅमची), घेतली म्हणजे दोन्ही बाणांचा मार्ग जवळजवळ सारखा राहतो व नेम निराळा धरावा लागत नाही.

परंतु हेच साम्य घातकही ठरते. दांडी एक, लांबी एक, वजन एक, आणि टोक तर टोपणात झाकलेले. समोर हरीण उभे असता घाईत बोथट बाण ओढला गेला, तर प्राणी मरत नाही. हाड मोडून किंवा मांस ठेचून घेऊन तो निघून जातो, आणि पुढे दिवसचे दिवस यातना भोगतो. अमेरिकेतील कित्येक राज्यांत हरणासाठी पात्याची किमान रुंदी, बहुधा 7/8 इंच, कायद्यानेच ठरवून दिली आहे. तेथे असा बाण सोडणे हा गुन्हाही होतो. (भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाच बंदी असल्यामुळे हा प्रश्न व्यवहारात उद्भवत नाही.)

यावरील उपाय साधे आहेत, पण ते सर्व बाणाच्या मागच्या टोकाशी आहेत, हे लक्षणीय आहे. पुढचे टोक दिसत नाही, तेव्हा ओळख पिसांकडून करून घ्यावी लागते. बोथट बाणाला निराळ्या रंगाची पिसे लावतात, किंवा प्रत्यंचा बसते त्या खाचेचा रंग बदलतात. पहाटेच्या अंधुक प्रकाशात रंग ओळखू येत नाहीत, म्हणून जागाही कायम ठेवतात: लहान शिकारीचा बाण नेहमी एका कडेलाच. कोणत्या कडेला, याविषयी एकमत नाही. हाताला सर्वांत जवळची जागा हरणाच्या बाणाला ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते. खार निसटली तर काही बिघडत नाही. जुडोच्या तारा फोममध्ये गुंततात व बाण सुटता सुटत नाही. त्यासाठी काही जण त्या जागेचा फोम कोरून मोकळा करतात.

अशा या साधनाला मराठीत काय म्हणावे? ‘भाता’ हा शब्द रूढ आहे व तो राहीलच. मात्र कातडे आणि पिशवी ही दोन्ही गेल्यामुळे त्याचा व्युत्पत्त्यर्थ येथे लागू पडत नाही. ‘इषुधि’ लागू पडतो, पण तो कोणत्याही भात्याला लागू पडेल. नेमका बसतो तो ‘निषंग’, कारण ही वस्तू खरोखरच जडलेली आहे. फरक एवढाच की ती आता धनुर्धाऱ्याला जडलेली नसून धनुष्याला जडलेली आहे.