तेरा काचांवरचे शहर

पॅसिफिक महासागराच्या काठी, सोन्याच्या शोधार्थ आलेल्या लोंढ्यांमुळे अवघ्या तीस वर्षांत खेड्याचे महानगर झालेल्या सॅनफ्रान्सिस्कोचे जे विशाल दृश्य एडवर्ड मायब्रिज याने १८७८ साली टिपले, ते वस्तुतः एक चित्र नव्हेच. तेरा छायाचित्रे शेजारी शेजारी जोडून केलेली ती सुमारे सतरा फुटांची पट्टी असून, तीत नॉब हिल या टेकडीभोवतीच्या क्षितिजाचे संपूर्ण वर्तुळ उलगडून सरळ मांडलेले आहे. मायब्रिज म्हटले की लोकांना त्याच वर्षीचा त्याचा धावता घोडा आठवतो. माझ्या मते ही पट्टी त्या घोड्याहून तसूभरही उणी नाही.

कॅमेरा उभा होता तो मार्क हॉपकिन्स या रेल्वेसम्राटाच्या नव्या हवेलीच्या मनोऱ्यावर. तेथून दिसणाऱ्या या देखाव्याला ना मध्य, ना कडा. मनोऱ्याखालून जाणारा कॅलिफोर्निया स्ट्रीट प्रत्यक्षात नाकासमोर सरळ; पण वर्तुळ सपाट केल्यामुळे त्याची दोन टोके पट्टीच्या जवळजवळ निम्म्या लांबीइतक्या अंतरावर अशी विरून जातात, की नवख्याला ते दोन निराळे रस्ते वाटावेत. उपसागराच्या अंगाला गेल्यावर छपरांची दाटी ओसरते आणि नजरेला जरा विसावा मिळतो.

काचेवर कलोडियनचा लेप चढवून, तो ओला आहे तोवरच चित्र घ्यायचे आणि तत्काळ अंधाऱ्या खोलीत धुवायचे, अशी त्या काळची रीत होती. हे रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर वश होई, म्हणून आकाश कोरे पांढरे उतरले. आणि काच काही क्षण उघडी ठेवावी लागे, म्हणून खानेसुमारीत दोन लाखांवर भरणाऱ्या या शहराच्या रस्त्यांवर माणूस जवळजवळ दिसतच नाही. तेरा वेळा हा खटाटोप होईतो सूर्य अर्थातच थांबला नव्हता. घरांच्या सावल्या काचेगणिक सरकत जातात, आणि मधल्या भागातील एक काच मागाहून घेतलेली असल्यामुळे तिच्यावरील सावल्या शेजारणींशी जुळत नाहीत. एका दृष्टिक्षेपाचा आव आणणाऱ्या चित्राची लबाडी तेथे उघडी पडते.

परंतु खरी मौज आहे ती जवळच्याच एका कोपऱ्यात. हॉपकिन्सचा रेल्वेतील भागीदार चार्ल्स क्रॉकर याने आपल्या वाड्यासाठी आसपासच्या सगळ्या जमिनी खरेदी केल्या. निकोलस युंग या अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने मात्र आपले घर विकण्यास साफ नकार दिला. तेव्हा क्रॉकरने त्या घराला तीन बाजूंनी सुमारे चाळीस फूट उंचीचे लाकडी कुंपण घातले. लक्षाधीशाच्या वाड्यामागे उभी असलेली ती फळ्यांची उघडीबोडकी भिंत पट्टीत स्पष्ट दिसते. निसर्गदृश्य घेणारा छायाचित्रकार एरवी असले काही चौकटीबाहेर ठेवतो, कारण काय वगळावे हा त्याचा पिढीजात अधिकार असतो. पूर्ण वर्तुळ घेण्याचे एकदा पत्करल्यावर मात्र तो अधिकार संपुष्टात येतो, आणि म्हणूनच भागीदाराच्या मनोऱ्यावरून श्रीमंती मिरविण्यास योग्य अशा चित्रात भागीदाराच्याच आकसाचा पंचनामा नोंदला गेला.

युंग १८८० साली वारला, तरी त्याच्या विधवेने जागा दिली नाही. १९०४ साली वारसांकडून ती क्रॉकर घराण्याकडे गेली, आणि दोनच वर्षांनी, भूकंपामागून उसळलेल्या आगीत, क्रॉकरचा वाडा आणि हॉपकिन्सचा मनोरा दोन्ही खाक झाले. क्रॉकर कुटुंबाने मग तो सारा भूखंड चर्चला देऊन टाकला. आज तेथे ग्रेस कॅथीड्रल उभे आहे.