मदतीचा फोटो

शेंदूरजनाघाटसारख्या संत्र्याच्या गावात समाजमाध्यम म्हणजे मुख्यतः व्हॉट्सॲप. आंबियाची फळगळ, बाजारभाव, कुणाची तेरवी, सगळे तिथेच कळते. सामाजिक संस्थाही तिथेच दिसतात. त्यांचा एक फोटो ठरलेला असतो: आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, तिच्यापुढे शिलाई मशीन, भोवती पदाधिकारी.

संस्था हा फोटो का टाकते, हे मी समजू शकतो. देणगीदाराला हिशेब द्यायचा असतो आणि तो दिलाच पाहिजे. माझा प्रश्न त्या बाईच्या संमतीचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विनाअट आणि पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली हवी. ती मागेही घेता आली पाहिजे. मशीन समोर ठेवून मागितलेला होकार मुक्त कसा म्हणायचा? आणि गटागटांतून पुढे गेलेला फोटो कोण परत आणणार? उद्या तो तिच्या मुलाच्या वर्गमित्रांपर्यंतही पोहोचतो.

म्हणून संस्थेने हिशेब जाहीर करावा, चेहरा नव्हे. किती कुटुंबे, किती रुपये, कशासाठी, एवढे पुरे. फोटो हवाच असेल, तर मदत दिल्यावर काही आठवड्यांनी विचारावे. ‘नाही’ म्हटले तरी काही बिघडत नाही, हे आधी सांगावे. ती नाही म्हणू शकली, तरच तिच्या ‘हो’ला अर्थ आहे.