एक मामा, किती नाती!

तिबिलिसीच्या रस्त्यावर एखादं पोर ‘मामा’ म्हणून ओरडलं, तर वळून बघतात ते त्याचे वडील. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाप आणि आई म्हणजे देदा. चर्चमधल्या धर्मगुरूलाही तिथे ‘मामाओ’ म्हणतात. मातृभाषा ती ‘देदा एना’. याकोब गोगेबाश्विलींनी १८७६ साली काढलेल्या मुळाक्षरांच्या पुस्तकाचं नावही हेच.

आपल्याला हे उफराटं वाटतं, पण जॉर्जियन लोक एकटे नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, उलुरू खडकाच्या मुलखात बोलल्या जाणाऱ्या पिट्जँट्जारा भाषेतही मामा म्हणजे वडीलच. स्वाहिलीत मात्र ती आई. अँडीजच्या डोंगरांतल्या केचुआ भाषेतही आई. तिथली पचामामा म्हणजे धरणीमाता, आणि मक्याची चिचा प्यायच्या आधी तिच्या नावाने थोडी जमिनीवर ओततात. चिनी मुलंही आईला मामाच म्हणतात. त्यातलं ‘मा’ हे अक्षर बघण्यासारखं आहे: डावीकडे ‘स्त्री’चं चिन्ह, उजवीकडे ‘घोडा’. घोड्याचा आईशी संबंध काहीच नाही. चिनी भाषेत घोड्यालाही ‘मा’ म्हणतात, म्हणून निव्वळ उच्चार दाखवायला तो तिथे उभा केलाय.

या भाषांची कुळं वेगवेगळी. मग शब्द एक कसा? रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली छापलेल्या निबंधात याचा शोध घेतला. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातून आई-वडिलांसाठीचे १०७२ शब्द जमवले होते. त्यांत आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखे अनुनासिक आढळले, वडिलांच्या शब्दांपैकी १५ टक्क्यांत. याकोबसनचं म्हणणं असं की, अंगावर पिणाऱ्या बाळाचं तोंड भरलेलं असतं, तेव्हा आवाज निघतो तो नाकातूनच. पुढे भूक लागली, आई दिसली, की तोच हुंकार ‘म’ होऊन ओठांवर येतो. मला हे पटतं, कारण तान्ह्या बाळाजवळ बसलेल्या कुणालाही तो हुंकार ऐकू येतो. आवाज बाळाचा, तो कुणाला उद्देशून, हे ठरवतात मोठी माणसं.

मराठी माणसांनी तो आईच्या भावाला दिला, आणि तेवढ्यावर थांबली नाहीत. जुन्या घरांत सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणे. मामाची मुलगी करून आणायची चाल होती, त्याची ही खूण. अशा लग्नात नवरीची सासू म्हणजे तिच्या वडिलांची सख्खी बहीण, आणि आत्याच्या यजमानांना मामा म्हणायची रीत अनेक घरांत आजही आहे. तमिळ आणि तेलुगूतही मामा हा शब्द मामाला आणि सासऱ्याला, दोघांनाही चालतो. उत्तर भारतातल्या बऱ्याच समाजांत मात्र मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातल्या नात्यागोत्यांची मांडणी प्रदेशवार तपासली. भाषेने आर्य आणि सोयरिकीत दक्षिणेकडे झुकलेला असा आपला हा मुलूख त्यातून नीट उलगडतो. नात्यांची नावं नुसती कोशात नोंदवून भागत नाही, ती घरात कोण कुणाला हाक मारतं हे ऐकून टिपावी लागतात, हे मला त्यामुळेच मोलाचं वाटतं.

शहरांतून ‘मामंजी’ आता जवळजवळ गेलं. सून सासऱ्यांना ‘बाबा’ म्हणते. तुर्की, स्वाहिली आणि चिनीतही बाबा म्हणजे वडील, पण रशियन खेड्यात बाबा म्हणजे बाईमाणूस, आणि जपानीत म्हातारी.