पोंग्यातला परदेशी पाहुणा

जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन-जाफराबादच्या शिवारात मका हे रोख पैसा देणारे पीक. कणसे बाजारात जातात, धाटांची वैरण गोठ्यात. २०१९ च्या खरिपात या मक्यावर अमेरिकन लष्करी अळी तुटून पडली. पानांना ओळीने छिद्रे, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा आणि तिच्याखाली दडलेली अळी. डोक्यावर उलट्या 'वाय'ची खूण, शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके.

ही अळी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळ, आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात. तिची मादी आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालते. पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. जिल्ह्याच्या सीमेवर अडवावे असे हे संकट नव्हतेच.

मग सरकारने ती समूळ नष्ट करायची की आटोक्यात ठेवायची? याचे उत्तर लाल आगमुंगीच्या इतिहासात सापडते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या मुंगीविरुद्ध अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५७ मध्ये मोहीम उघडली आणि लाखो एकरांवर डिल्ड्रिन, हेप्टाक्लोर टाकले. पक्षी मेले, जनावरे दगावली, मुंगी टिकली. ऑस्ट्रेलियात ती २००१ मध्ये ब्रिस्बेनला सापडली. तिथला लढा अजून चालू आहे. पण क्वीन्सलँडमध्येच यारवून आणि ग्लॅडस्टोन इथे ती नव्याने दिसली, तेव्हा वेळीच घेरून तिचा पुरता नायनाट झाला. मुंगीला वारूळ असते, आमिषातले विष कामकरी मुंग्या राणीपर्यंत पोचवतात, आणि क्षेत्र लहान असताना प्रत्येक वारूळ शोधता येते. लष्करी अळीच्या पतंगाला असा ठावठिकाणा नाही.

म्हणून आपला भरवसा लवकर पाहण्यावरच हवा. महाराष्ट्राला हा धडा २००८ मध्येच मिळाला होता. त्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यातले सोयाबीन फस्त केले, आणि २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. शेतात जाऊन किडी मोजायच्या आणि त्यावरून सल्ला द्यायचा, ही त्याची रीत. लष्करी अळीसाठीही कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला याच वाटेने जातो: बियाण्याला कीटकनाशकाची प्रक्रिया, उगवणीपासून कामगंध सापळे, अंडीपुंज वेचून चिरडणे, सुरुवातीला निंबोळी अर्क, अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामा, अळीला रोगी करणारी नोमुरिया बुरशी. रासायनिक फवारणी त्यानंतर, तीही प्रादुर्भावाने नुकसानीची पातळी ओलांडली तरच. मोठी झालेली अळी पोंग्यात खोल जाते, विष्ठेचे बूच तिला झाकते, आणि महागडे औषध पानांवरच राहते. तीच पाने पुढे वैरण होतात.

मित्रकीटकांचे बळ आपल्या देशाने पाहिलेले आहे. पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि महाराष्ट्रातही पसरला. २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून तीन परोपजीवी कीटक आणले, वाढवले, शेतांत सोडले. फवारणीला न जुमानणारा ढेकूण त्यांनी ताब्यात आणला.

जालन्याकडे तयारीचे सामान आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि हे गाव बियाण्यांचे झाले. खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, बदनापूरला कृषी संशोधन केंद्र. त्यामुळे मागणी नेमकी करता येते. मक्याची प्रत्येक पिशवी प्रक्रिया केलेली असावी. मित्रकीटक आणि बुरशी पेरणीआधी तालुक्यात मिळाव्यात. कीड मोजणारी माणसे वर्षभर कामावर असावीत, कारण खरिपाच्या मक्यानंतर रब्बीची ज्वारी उभी राहते आणि अळीला तीही चालते. गावाने पेरणी एकाच सुमारास उरकावी, म्हणजे पतंगाला सतत कोवळे पीक मिळणार नाही. अळी आता इथून जाणार नाही. तिला पोंग्यात शिरण्याआधी गाठण्याचा खर्च मात्र सरकारने दर हंगामात, प्रादुर्भावाची वाट न पाहता, केलाच पाहिजे.